एका राष्ट्रीयीकृत बँकेचे गृहकर्ज : वर्षभराच्या अनुभवानंतर

मंजुरीपत्रावर कर्जाची रक्कम ४१,५०,००० रुपये अशी छापलेली होती. आम्ही अर्ज केला होता ४० लाखांचा. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते अगदी सहजपणे म्हणाले, "मॅडम, वरचे दीड लाख विम्याचे आहेत. तुम्हाला खिशातून काही भरायचे नाही, कर्जातच धरले आहेत." त्या एका वाक्यापाशी आम्ही थांबलो नसतो, तर पुढची वीस वर्षे दरमहा १,३०२ रुपये जास्त भरत राहिलो असतो आणि दीड लाखांच्या विम्यापोटी एकूण ३ लाख १२ हजारांहून अधिक रक्कम बँकेला दिली असती. या बँकेचे कर्ज आम्ही घेतले, ते आजही चालू आहे आणि एकंदरीत मी त्याबाबत समाधानी आहे. तरीही पहिल्यांदा घर घेणाऱ्या प्रत्येकाला या कर्जाचे बरेवाईट तपशिलासह कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. बँकेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ज्या त्रुटी मी सांगणार आहे त्या इतर बँकांच्या शाखांतही माझ्या परिचितांना भेटल्या आहेत आणि ज्या गोष्टी चांगल्या आहेत त्यांपैकी बऱ्याच रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे सगळ्याच बँकांना लागू आहेत.

घर पुण्यात धायरीला, जुन्या सोसायटीतले, दोन बेडरूमचे, पुनर्विक्रीचे. व्यवहार ५२ लाखांना ठरला. अर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये केला, मंजुरी डिसेंबरमध्ये मिळाली आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस विक्रेत्याच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट निघाला.

घर पाहायला सुरुवात केली तेव्हा आमचा समज असा होता की वीस टक्के रक्कम आपल्याजवळ असली की उरलेले बँक देते. हा समज अर्धवट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. मात्र ही किंमत करारनाम्यातील असेलच असे नाही. बँकेचा मूल्यांकनकार स्वतंत्रपणे येऊन घर पाहतो, आणि त्याची किंमत व करारातील किंमत यांपैकी जी कमी असेल ती बँक धरते. आमच्या घराचे मूल्यांकन ५० लाख आले. आम्ही ५२ लाखांच्या ८० टक्क्यांचा, म्हणजे ४१ लाख ६० हजारांचा हिशोब मनात धरून बसलो होतो. प्रत्यक्षात मर्यादा ४० लाखांवर आली आणि १ लाख ६० हजारांची सोय ऐनवेळी मुदत ठेव मोडून करावी लागली. बँकेचा यात दोष नाही. उलट, मूल्यांकनकाराने गच्चीखालच्या ओलीची नोंद अहवालात केली होती, जी आमच्या नजरेतून सुटली होती, आणि ती दुरुस्ती विक्रेत्याकडून आधीच करून घेता आली. परंतु विसार देण्यापूर्वी मूल्यांकनाचा अंदाज घ्यावा, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशोबात येतच नाहीत. ती पूर्णपणे स्वतःची सोय. पुणे महापालिका हद्दीत स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, खरेदीदार केवळ महिला असेल तर ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, परंतु कमाल ३० हजार. आम्ही बराच विचार करून घर माझ्या एकटीच्या नावावर घेतले आणि पतींना फक्त सहकर्जदार केले. त्यामुळे ५२ हजार रुपये वाचले. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सहकर्जदार घराचा सहमालक नसेल तर त्याला गृहकर्जावरील प्राप्तिकर सवलत घेता येत नाही. माझे पती नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरतात, आणि त्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मुळातच मिळत नाही, म्हणून आमचे नुकसान झाले नाही. जुन्या करप्रणालीत राहून व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट घेणाऱ्या दांपत्याने मात्र हा हिशोब कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा. स्वतःचे १२ लाख, मुद्रांक शुल्क ३ लाख १२ हजार, नोंदणीचे ३० हजार, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क २५ हजार आणि दलाली असे सगळे मिळून आमच्या खिशातून सोळा लाखांहून अधिक रक्कम गेली. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर असल्यास विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारीही खरेदीदाराचीच असते. ती रक्कम किमतीतच मोडते, जादा लागत नाही, पण ते काम विसरले तर दंड आपल्यावर येतो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे व्याजदर. शाखेबाहेरच्या फलकावर "८.५० टक्क्यांपासून" असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. याच सुमारास एका गृहवित्त कंपनीचा प्रतिनिधी आमच्या घरी येऊन ८.३५ टक्के देऊ करत होता. केवळ आकडे पाहिले असते तर आम्ही तिकडेच गेलो असतो. फरक दर कशाला बांधलेला आहे यात होता. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पकाळासाठी पैसे देते तो दर) बाह्य मानकाशीच जोडावी लागतात आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा त्याचा आढावा घ्यावा लागतो. गृहवित्त कंपन्यांवर हे बंधन नाही; त्या आपला स्वतःचा मूळ दर ठरवतात आणि रेपो खाली आला तरी तो दर कधी व किती खाली आणायचा हे त्यांच्या हाती राहते. त्या प्रतिनिधीला मी विचारले की, रेपो पाव टक्का उतरला तर माझा दर किती दिवसांत उतरेल, ते लेखी द्याल का? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "ताई, तसे लेखी देता येत नाही." आमचा निर्णय तिथेच झाला.

बँकेत आमचा दर असा होता : तेव्हाचा रेपो दर ६.५० आणि त्यावर बँकेचे २.०० टक्के, एकूण ८.५०. हे वरचे दोन टक्के म्हणजे स्प्रेड, आणि माझ्या मते संपूर्ण कर्जात घासाघीस करण्याजोगी हीच एक जागा आहे. रेपो दर आपल्या हातात नाही, बँकेच्याही नाही. स्प्रेड मात्र वीस वर्षे आपल्याबरोबर राहतो. त्यातला जोखमीपोटीचा भाग कर्जदाराची पत लक्षणीय बदलल्याशिवाय बँकेला बदलता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला जे ठरते ते जवळजवळ कायमचे असते. तो ठरतो आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या गुणांकावरून. हा गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. आमच्या बँकेच्या तक्त्यात ७५० च्या खाली गेले की स्प्रेड वाढत होता. अर्ज करण्याआधी दोन महिने मी माझा अहवाल मागवला, तेव्हा सहा वर्षांपूर्वी बंद केलेले एक क्रेडिट कार्ड त्यात अजून चालू दिसत होते. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि तक्रार केल्यावर ती ३० दिवसांत निकाली काढणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. माझी नोंद दुरुस्त झाली आणि मगच मी अर्ज दिला. ही तयारी अर्जानंतर करून उपयोग नाही.

चाळीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे : हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातून व्याजापोटी २८,३३३ रुपये गेले आणि मुद्दल फिटले ६,३८०. हा आकडा पाहून माझ्या सासूबाई अस्वस्थ झाल्या. "अगं, एवढे भरून सहाच हजार फिटले?" असे त्यांनी दोनदा विचारले. वीस वर्षांत मिळून आपण ८३ लाख ३१ हजार भरणार आणि त्यातले ४३ लाखांहून अधिक केवळ व्याज, हे मंजुरीपूर्वीच डोळ्यांसमोर असायला हवे. ते असावे म्हणून परतफेडीचा तक्ता मागावा. आमच्या शाखेने तो न मागता दिला नाही. मागितल्यावर मात्र दहा मिनिटांत छापून दिला.

दर बदलला की बँक सहसा हप्त्याला हात लावत नाही, मुदत बदलते, आणि ही गोष्ट नवख्या कर्जदाराच्या लक्षातच येत नाही, कारण खात्यातून जाणारी रक्कम तीच असते. आमच्याच कर्जावर दर साडेआठवरून साडेनऊ टक्के झाला आणि हप्ता ३४,७१३ च राहिला, तर २४० हप्त्यांचे ३०९ होतात. एका टक्क्यासाठी जवळजवळ पावणेसहा वर्षे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा असंख्य कर्जदारांचे हेच झाले. माझ्या मावसभावाने २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी ३० लाखांचे कर्ज घेतले होते, हप्ता २२,८११ रुपये. दर सव्वानऊवर गेला तर पूर्ण ३० लाखांचे एका महिन्याचे व्याजच २३,१२५ रुपये होते, हप्त्यापेक्षाही जास्त. त्याचे थोडे मुद्दल फिटलेले होते म्हणून हप्ता व्याजाला कसाबसा पुरत होता, पण मुद्दल जागचे हलत नव्हते. आणि हे त्याला कळले वर्षभराने, प्राप्तिकर विवरणपत्रासाठी प्रमाणपत्र मागितले तेव्हा.

याच परिस्थितीनंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्देश काढले. दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडेथोडे, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यायची. अंशतः किंवा पूर्ण रक्कम आधी भरण्याची मुभा ठेवायची. आणि दर तिमाहीला किती मुद्दल व किती व्याज वसूल झाले, किती हप्ते उरले, दर काय आहे याचे निवेदन उपलब्ध करून द्यायचे. आमच्या बाबतीत सुदैवाने २०२५ हे वर्ष दर उतरण्याचे ठरले. फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार टप्प्यांत रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आला. आमच्या कर्जाचा आढावा तिमाहीच्या पहिल्या तारखेला होतो. १ एप्रिलला दर ८.२५ झाला, १ जुलैला ७.५० आणि १ जानेवारी २०२६ ला ७.२५. एकदाही अर्ज करावा लागला नाही, एकदाही रूपांतर शुल्क मागितले गेले नाही, आणि कपातीचा पूर्ण लाभ मिळाला. बँकेबद्दलच्या माझ्या समाधानाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे. हप्ता तोच ठेवल्यामुळे जानेवारीत उरलेले हप्ते २२९ ऐवजी १८९ झाले. पहिल्या अकरा हप्त्यांत आम्ही ३ लाख ८२ हजार भरले, त्यांपैकी मुद्दलात सुमारे ९५ हजार गेले. दर तोच राहिला असता तर याहून बरेच कमी गेले असते.

नाराजी आहे ती निवेदनाबद्दल. तिमाही निवेदन बँकेच्या ॲपवर दिसायला हवे होते. तिथे केवळ शिल्लक दिसत होती. शाखेत गेले तर "कर्ज प्रक्रिया केंद्रात विचारा", आणि केंद्रात गेले तर "शाखेतूनच मिळेल". तिसऱ्या खेपेला मी लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली आणि अर्जात ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांचा उल्लेख केला. चौथ्या दिवशी निवेदन ई-मेलने आले, आणि तेव्हापासून दर तिमाहीला नियमित येते. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला काही शुल्क पडत नाही. आमच्यावर तशी वेळ आली नाही, पण पोच घेतलेला कागद हाताशी होता म्हणूनच आली नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता पुन्हा त्या दीड लाखांकडे. गृहकर्ज घेणाऱ्याचा विमा असावा, याबद्दल माझे दुमत नाही. कर्जदाराचे बरेवाईट झाले तर घर आणि हप्ता दोन्ही मागे राहणाऱ्यांच्या अंगावर पडतात. पण एकरकमी हप्त्याचा हा विमा कर्जात मिसळून दिला की त्याच्या किमतीवरही वीस वर्षे व्याज चालू होते. मी म्हटले, "आम्ही मुदतीचा विमा वेगळा घेऊ, हे काढून टाका." अधिकारी म्हणाले, "मॅडम, याशिवाय फाइल पुढे जात नाही." "तसे बँकेच्या कागदावर लिहून द्याल का?" असे मी विचारले. त्यावर ते काही क्षण शांत राहिले, मग आतल्या खोलीत गेले आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन म्हणाले की सुधारित मंजुरीपत्र सोमवारी मिळेल. ते मिळाले, ४० लाखांचे. या अधिकाऱ्यांशी माझे काही वैर नाही. बाकीच्या कामात त्यांनी मनापासून मदत केली. परंतु विमा सक्तीचा असल्याचे तोंडी सांगणे चूक आहे, आणि अनुभवी माणसालाही क्षणभर ते खरे वाटते.

हा फरक आमच्या लक्षात स्पष्टपणे आला तो मुख्य तथ्य विवरणपत्रामुळे. बँकेत सगळे त्याला केएफएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर हे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात व्याजदर, सगळी शुल्के, परतफेडीचा तक्ता आणि सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. जे शुल्क त्यात नमूद नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही आकारता येत नाही. आमच्या हाती दोन विवरणपत्रे आली, एक विम्यासह आणि एक विम्याशिवाय. प्रोसेसिंग फी जीएसटीसह १६,५२० रुपये आणि वकील व मूल्यांकनाचे १० हजार धरून विम्याशिवायचा वार्षिक दर ८.५९ टक्के होता. विम्यासह तोच ९.१ टक्क्यांच्या घरात जात होता. फलकावर दोन्ही वेळा साडेआठच.

विवरणपत्र ग्राहकाने वाचून विचार करावा म्हणून ते किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहते. आम्हाला मात्र शुक्रवारी दुपारी चार वाजता सह्यांसाठी बोलावले आणि ते पान सत्तर-ऐंशी पानांच्या गठ्ठ्यात मध्ये कुठेतरी होते, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारलेले. मी ते वेगळे काढून घरी न्यायचे म्हटले, तेव्हा थोडी कुरकुर झाली, मग दिले. शनिवारची सगळी संध्याकाळ आम्ही दोघे ते घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. घर घेणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन की सगळा गठ्ठा वाचणे जमले नाही तरी ही काही पाने घरी नेऊन वाचावीत, आणि ती मिळेपर्यंत सही करू नये.

बँकेच्या वकिलांचे काम उत्तम झाले. त्यांनी ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, काढला, आधीच्या दोन्ही करारांच्या सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातील नोंदीचा उतारा) पडताळल्या आणि एक गोष्ट शोधून काढली जी विक्रेत्या काकांनाही आठवत नव्हती. त्यांनी पूर्वी दुसऱ्या एका बँकेचे कर्ज घेऊन ते केव्हाच फेडले होते, पण सोसायटीच्या दप्तरात त्या बँकेचा बोजा तसाच नोंदलेला राहिला होता. काकांनी कपाटातून बेबाकी दाखला शोधून आणला, सोसायटीने नोंद कमी केली, आणि यात तीन आठवडे गेले. हे वकील बँकेच्या पॅनेलवरचे असतात, ते बँकेचे हित पाहतात; घरात राहण्यासाठी आपल्याला जे पाहायचे असते, उदाहरणार्थ भोगवटा प्रमाणपत्र, पार्किंगचा हक्क, सोसायटीची थकबाकी, ते सगळे त्यांच्या अहवालात असतेच असे नाही. म्हणून आम्ही स्वतंत्र वकिलांकडूनही कागद पाहून घेतले. तो खर्च मला जड वाटला नाही.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्यांसाठी चित्र थोडे वेगळे आहे. तिथे कर्ज बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे दिले जाते, आणि ताबा मिळेपर्यंत अनेक बँका केवळ दिलेल्या रकमेवरील व्याज घेतात. त्या काळात मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही, आणि घरभाडेही चालूच असते. महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी पाहावी, आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम विकासकाला देऊ नये. कायद्यानेच त्याला ती घेता येत नाही. माझा स्वतःचा अनुभव पुनर्विक्रीचाच असल्याने यापुढे अधिक लिहीत नाही.

मुदतपूर्व परतफेडीच्या बाबतीत बँक पूर्ण गुणांना पात्र आहे. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा दंड बँकांना घेताच येत नाही, पण प्रत्यक्ष प्रक्रियाही सोपी असावी लागते, आणि इथे ती आहे : ॲपवरून रक्कम भरली की दुसऱ्या दिवशी मुद्दलातून वजा दिसते. सुरुवातीच्या काळात भरलेल्या पैशाचे वजन फार असते. आमच्या कर्जाच्या अगदी आरंभी एक लाख रुपये जादा भरले, तर साडेआठ टक्क्यांच्या दराने शेवटचे जवळजवळ पंधरा हप्ते कमी होतात, म्हणजे भरलेले लाख वजा जाता चार लाखांहून अधिक रक्कम वाचते. दहाव्या वर्षी तेच लाख भरले तर लाभ त्याच्या निम्म्याहूनही कमी. आम्ही यंदाचा बोनस मुद्दलातच भरला. हाताशी सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम मात्र बाजूला ठेवली आहे आणि तिला हात लावायचा नाही असे दोघांनी ठरवले आहे, कारण हप्ते ९० दिवस थकले की खाते अनुत्पादित ठरते आणि पुढे थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक घराचा ताबा घेण्याकडे वळू शकते.

गहाण म्हणजे नेमके काय, हेही सह्यांच्या दिवशी स्पष्ट झाले. घर माझ्या नावावर आहे, सातव्या दिवसापासून आम्ही त्यात राहतो आहोत, पण मूळ कागद बँकेच्या तिजोरीत आहेत, आणि ते कागद ठेव म्हणून देणे हेच गहाण. त्याची सूचना ३० दिवसांच्या आत ऑनलाइन दाखल करावी लागते. तिचे मुद्रांक शुल्क आणि फी वेगळी पडते, आणि हा खर्च आम्हाला आधी कोणी सांगितला नव्हता. मंजुरीच्या वेळी खर्चाची जी यादी हातात दिली जाते, तिच्यात ही ओळ असायलाच हवी.

हा अनुभव घेतल्यावर पुन्हा कर्ज लागले तर मी याच बँकेत जाईन. रेपोशी जोडलेला दर, वेळेवर झालेली कपात, दंडाशिवाय परतफेड आणि काटेकोर कायदेशीर तपासणी यांसाठी. नियमित पगार, स्वच्छ पतइतिहास आणि दीड-दोन महिने थांबण्याची तयारी असलेल्यांना ती योग्य आहे. ज्यांचा व्यवहार तीन आठवड्यांत पूर्ण व्हायलाच हवा, त्यांना हा वेग परवडणार नाही. आमच्या अर्जापासून ड्राफ्ट हाती येईपर्यंत अकरा आठवडे लागले, त्यातले तीन सोसायटीच्या नोंदीचे सोडले तरी आठ उरतात. विक्रेते काका साताऱ्याला गावी राहायला जायचे होते, आणि दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "काय गं, झालं का बँकेचं?" त्यांनी धीर धरला म्हणून व्यवहार टिकला.

शेवटची एक गोष्ट कागदांची. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकांवर बंधनकारक आहे, आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पण काय परत घ्यायचे हे सांगणारा पुरावा आपल्याजवळ हवा. आम्ही मूळ करारनामा, नोंदणीची पावती, आधीचे दोन्ही करार, सोसायटीचे भागपत्र असे सगळे दिले, तेव्हा त्या बदल्यात यादी मिळाली नाही. "नंतर पोस्टाने येईल" असे उत्तर मिळाले. मी खुर्चीवरून उठले नाही. साडेपाच वाजता एका तरुण कर्मचारी मुलीने समोर बसून एकेक कागद मोजला, चौदा नोंदी हाताने लिहिल्या, शिक्का मारला आणि शाखाधिकाऱ्यांची सही आणून दिली. त्या यादीची एक प्रत आमच्या कपाटात आहे आणि दुसरी माझ्या बहिणीकडे ठेवायला दिली आहे.